त्या आजोबांना हसू आलेलं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जुन्या फोटोंच्या गमतीजमतींचं एक पान दिलं होतं, त्यात खाली उजव्या कोपऱ्यात एका बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्याचा फोटो आहे आणि त्याखाली ओळ आहे की विजेच्या झटक्यानं खुदकन हसलेले आजोबा. आमच्याकडे पेपर आला की आधी नात चित्रं बघते, तिनं पान माझ्यासमोर धरलं आणि म्हणाली, आबा हे बघ, तुझ्यासारखे. ती तसं का म्हणाली ते पुढं सांगतो, पण त्या क्षणी चहाचा कप खाली ठेवला आणि ठरवलं की या वेळी पत्र लिहायचंच. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण नगरचा भाग ठेवा.

आधी फोटोबद्दल. मी पस्तीस वर्षं नाशिकमध्ये फोटो स्टुडिओ चालवला, मोबाईल आले आणि शटर कायमचं ओढलं. त्यामुळे फोटो कसा काढला असेल हे बघायची खोड जात नाही. नीट बघा, त्या आजोबांच्या गालाला दोन्ही बाजूंनी काड्या लावलेल्या आहेत आणि त्या धरणारा माणूस बाजूला उभा आहे. तो डॉक्टर ड्यूशेन, फ्रान्सच्या बूलोन गावचा, जन्म १८०६ चा. पॅरिसच्या सालपेत्रिएर हॉस्पिटलात गोरगरीब पेशंटांमध्ये विजेची पेटी घेऊन फिरायचा. तिथली पक्की नोकरी त्याला कधी मिळाली नाही, पण वॉर्डावॉर्डातून हिंडून कुठला स्नायू मेलाय, कुठला जिवंत आहे हे विजेनं तपासायची पद्धत त्यानं बसवली. लहान मुलांच्या ज्या स्नायूंच्या आजाराला आजही ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी म्हणतात तो याच्याच नावाचा. म्हणजे माणूस काही राक्षस नव्हता हे आधीच सांगून टाकतो.

१८५० च्या दशकात त्याच्या मनात आलं की चेहऱ्यावरचा एकेक स्नायू वेगवेगळा उचलून बघायचा आणि कुठल्या स्नायूनं कुठली भावना दिसते ते पक्कं करायचं. त्याच्या आधी लोक सुया टोचून वीज द्यायचे, यानं कातडीवर ओल्या काड्या टेकवून बाहेरूनच काम केलं. आणि पुरावा म्हणून फोटो काढले, सुरुवातीला आद्रियाँ तूर्नाशाँ नावाच्या फोटोग्राफरला हाताशी धरून, जो त्या काळच्या प्रसिद्ध फोटोग्राफर नादारचा सख्खा भाऊ, पुढं स्वतःच शिकून. १८६२ ला पुस्तक आलं. माणसाच्या चेहऱ्याच्या यंत्रणेवरचं, फोटोंसकट.

आता इथं फोटोग्राफर म्हणून मला जे दिसतं ते तुमच्या पानात नव्हतं. तेव्हा काच ओली असतानाच फोटो घ्यावा लागायचा, कोलोडियन नावाच्या रसायनाचा थर सुकायच्या आत एक्स्पोजर, सुकायच्या आत डेव्हलप, आणि एक्स्पोजर सेकंदाच्या भागात होत नसे, काही सेकंद समोरच्यानं हलायचंच नाही. म्हणूनही त्या काळातल्या फोटोत सहसा कोणी हसत नाही, हसू इतका वेळ धरवत नाही हो, आम्ही स्माईल प्लीज म्हणून तीन आकडे मोजेपर्यंतच लोकांचं हसू आंबट व्हायचं. ड्यूशेननं हा प्रश्न विजेनं सोडवला. करंट चालू आहे तोवर स्नायू आखडून राहतो, हसू गोठून राहतं, कॅमेऱ्याला हवा तेवढा वेळ. अक्कल म्हणून बघाल तर फार मोठी आहे. पण त्या हसण्याचं बटण कोणाच्या हातात होतं ते बघा.

आता माझं. तीन वर्षांपूर्वी थंडीत सकाळी बेसिनपाशी चूळ भरली तर पाणी डाव्या बाजूनं गळायला लागलं. मला वाटलं झोपेत आहे. ही म्हणाली, अहो तुमचं तोंड असं काय झालंय? आरशात बघितलं तर अर्धा चेहरा माझा आणि अर्धा कोणा दुसऱ्याचा लोंबत होता. डावा डोळा मिटेना, भुवई उचलेना. बिल्डिंगमधल्या कोणी म्हणालं गार वारं लागलं, कोणी म्हणालं नजर, कोणी म्हणालं पॅरालिसिसचा झटका, लगेच ॲडमिट करा. डॉक्टरांनी तपासून सांगितलं बेल्स पाल्सी, चेहऱ्याची सातवी नस सुजलीय, मेंदूला काही नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या, डोळ्यात थेंब, रात्री डोळ्यावर चिकटपट्टी, आणि फिजिओथेरपी. या आजारात करंट द्यावा की नाही यावर डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत हे मला नंतर कळलं, तेव्हा कोण विचारतंय, जो जे सांगेल ते करत होतो.

तर तिथं मला करंट दिला. मानेमागं ओलं पॅड आणि पेनासारखी एक काडी, तिचं टोक ओलं करून गालावर एका ठराविक जागी टेकवायची. मुंग्या डसल्यासारखं होतं, मग ओठाचा कोपरा आपोआप वर जातो. समोर आरसा होता. मी माझ्या तोंडावर हसू येताना बघितलं आणि मला अजिबात हसू येत नव्हतं, उलट रडूच येत होतं खरं तर. मराठीत उसनं हसू म्हणतात ना, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं. तिथला मुलगा, असेल चोवीस-पंचवीसचा, चांगला होता स्वभावानं, तो मोबाईलवर शूटिंग घ्यायचा. काका, प्रोग्रेस बघायला लागतो. मी म्हटलं घे बाबा. पहिल्या दिवशी एका इंग्रजी फॉर्मवर सही पण घेतली होती, तेव्हा माझा एक डोळा मिटत नव्हता आणि दुसऱ्यातून पाणी येत होतं, फॉर्म काय कपाळ वाचणार.

दोन-अडीच महिन्यांत चेहरा बराचसा जागेवर आला. मग एक दिवस मुलीच्या सासरहून फोन, तेव्हा साखरपुडा नुकताच झाला होता, व्याही म्हणाले, अहो तुमचा व्हिडिओ बघितला, आता बरे आहात ना. कुठला व्हिडिओ? तर माझं वाकडं तोंड, काडी लावल्यावर वर जाणारा ओठ, मागं ढँगटढँग म्युझिक, आणि शेवटी सरळ झालेलं तोंड, वर क्लिनिकचा फोन नंबर. बिफोर-आफ्टर. हजारो लोकांनी बघितलेलं, खाली हसण्याच्या इमोजी. मी फोन केला तर मला उत्तर मिळालं की काका सही केलीय तुम्ही, आणि तुम्ही तर बरे झालात की, लोकांना हुरूप येतो. आठवड्याभरानं काढलं म्हणाले. क्लिनिकचं नाव इथं देणार नाही, मला भांडण नकोय, आणि त्यांनी मला बरं केलं हेही खोटं नाही. पण नातीनं तो व्हिडिओ तेव्हा बघितलेला, म्हणून ती परवा म्हणाली, आबा तुझ्यासारखे.

माझी एक भाची फिजिओथेरपी शिकतेय. ती तेव्हा घरी आली होती, माझी चिडचिड ऐकून म्हणाली, मामा, तुमच्या आधी एक म्हातारा होऊन गेलाय, आणि तिनं मला ड्यूशेनचे फोटो दाखवले. त्यांच्या अभ्यासात गालाच्या आणि डोळ्याभोवतीच्या स्नायूंवर जिथं करंट द्यायचा त्या जागा शिकवतात, मोटर पॉइंट म्हणतात त्यांना, त्या शोधण्यात या माणसाचा मोठा वाटा. तिनंच सांगितलं की ड्यूशेननं त्या म्हाताऱ्याबद्दल काय लिहून ठेवलंय. दात पडलेला, रोडका, बुद्धीनं मंद, दिसायला अगदी सामान्य. आणि त्याच्या चेहऱ्याची संवेदना आजारानं गेलेली होती, म्हणून करंटचं दुखणं त्याला कळायचं नाही, आणि त्यामुळे अजून आखडू शकणाऱ्या प्रेतावर काम करावं इतक्या निवांतपणे याच्यावर काम करता आलं असं खुद्द डॉक्टरनं लिहिलंय. प्रेत हा शब्द त्याचा, माझा नाही. माणसाचं नाव मात्र पुस्तकात नाही. रोगाला डॉक्टरचं नाव, खऱ्या हसण्याला डॉक्टरचं नाव, आजही मानसशास्त्रवाले ड्यूशेन स्माईल म्हणतात, आणि ज्याच्या गालावर ते सापडलं तो नुसता म्हातारा.

ते खरं हसणं काय ते पण सांगतो कारण ते मला धंद्यात रोज दिसायचं. ड्यूशेनचं म्हणणं असं की ओठाचे कोपरे वर ओढणारा झायगोमॅटिक मेजर आपल्या हुकमात आहे, पण डोळ्याभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युली मनापासून आनंद झाल्याशिवाय तसा हलत नाही. आमच्या भाषेत तोंड हसतं, डोळे हसत नाहीत. पासपोर्ट फोटोला आलेला माणूस आणि पोरगी पसंत पडल्यावर आलेलं जोडपं यात हाच फरक असतो. अर्थात नंतरच्या लोकांनी दाखवलंय की बऱ्याच जणांना डोळ्यांचं हसूही खोटं आणता येतं. एखाद्या जुन्या नटाला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रापासून आपल्याकडे धरून चाललंय की भाव चेहऱ्यावर आणता येतो, ती शिकायची विद्या आहे.

ड्यूशेन तेवढ्यावर थांबला नाही. पुस्तकाच्या दुसऱ्या भागात त्यानं जवळजवळ आंधळ्या असलेल्या एका बाईला नाटकातल्यासारखे कपडे घालून, पोझ देऊन, चेहऱ्यावर करंट देऊन शेक्सपिअरची लेडी मॅकबेथ करायला लावलं. तिला स्वतःचा फोटो बघता तरी आला असेल का? मी हे रात्री झोपताना वाचलं आणि झोप गेली.

पुढं ही गोष्ट इंग्लंडला जाते. डार्विनला माणसाच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर पुस्तक लिहायचं होतं, ते १८७२ ला आलं, आणि फोटो छापलेल्या सुरुवातीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्यानं ड्यूशेनची परवानगी घेऊन आजोबांचे फोटो वापरले. परवानगी डॉक्टरची. डार्विनची एक गोष्ट मात्र मला आवडली, त्यानं ते फोटो वीसेक सुशिक्षित लोकांना काही न सांगता दाखवले आणि विचारलं यात काय दिसतं, काही फोटोंवर सगळ्यांचं एकमत झालं आणि काहींवर भलतीसलती उत्तरं आली, तर त्यानं ते तसं लिहून टाकलं. पण दुसरी गोष्ट खटकते. भीतीनं डोळे फाडलेला आजोबांचा फोटो त्यानं लाकडावर कोरून छापला तेव्हा डॉक्टरच्या काड्या आणि हात चित्रातून काढून टाकले. आता बघणाऱ्याला वाटतं माणूस खरंच कशाला तरी घाबरलाय.

यावर मी फार बोलू नये कारण हा आमचाच धंदा. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं रिटचिंग करून मी किती जणांचे देवीचे व्रण, कपाळावरच्या आठ्या, डोळ्याखालची काळी वर्तुळं घालवली असतील त्याला गणती नाही. लोकांनीच पैसे देऊन करून घेतलं म्हणा. ऑस्कर रेलँडर नावाचा फोटोग्राफर डार्विनसाठी काम करायचा, तो तर रागाचा, किळसेचा चेहरा स्वतःच करून स्वतःचाच फोटो काढून द्यायचा. ही मला सगळ्यात प्रामाणिक पद्धत वाटते. दुसऱ्याचं तोंड वाकडं करायला नको, आपलं करा.

आता नगर. डार्विननं १८६७ च्या सुमाराला जगभर प्रश्नांची यादी पाठवली होती, तुमच्याकडचे लोक आश्चर्य वाटलं की डोळे आणि तोंड उघडतात का, लाजले की लाल होतात का, नाही म्हणताना मान कशी हलवतात, असले प्रश्न. कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या स्कॉट नावाच्या साहेबानं भरभरून उत्तरं पाठवली, डार्विननं त्याची तारीफ केलीय. आणि मुंबई इलाख्यात आपल्या अहमदनगरला, म्हणजे आत्ताच्या अहिल्यानगरला, एर्स्किन नावाचे एक साहेब राहायचे. त्यांनी पण लोकांचे चेहरे लक्ष देऊन बघितले. पण डार्विन पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहितो की त्यांना खात्रीचं काही हाती लागणं अवघड गेलं, कारण तिथल्या लोकांना गोऱ्या लोकांसमोर भावना लपवायची सवयच आहे.

हे वाचून मी एकटाच मोठ्यानं हसलो, आणि ते हसू ड्यूशेनला चाललं असतं असं. इथून चार-पाच तासांवरचं नगर, तिथला कोणी शेतकरी, कोणी पट्टेवाला, कोणी मोलकरीण, कोणी कचेरीतला कारकून. साहेब समोर उभा राहून चेहऱ्याकडे टक लावून बघतोय आणि यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. साहेबानं तोंड उघडलं तर जी साहेब, मान खाली. घरी गेल्यावर कपाळावर हात मारून घेतला असेल, नक्कल करून हसले असतील, शिव्याही घातल्या असतील, ते साहेबाच्या वहीत येणार कसं? त्यांना कोणी फॉर्म दिला नव्हता, सही मागितली नव्हती, आणि नाही म्हणायची सोय तर नव्हतीच. तरी त्यांनी नाही म्हटलं. विज्ञानाच्या पुस्तकात ती एक ओळ अडचण म्हणून आलीय, मला ती आपल्या लोकांचं उत्तर वाटते.

तसं तर नकाराचा मान आपल्याकडे फाळक्यांनाही चुकला नाही. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, सिनेमाच्या आधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवायचे, म्हणजे आमच्याच जातकुळीतले. १९१३ च्या राजा हरिश्चंद्रला तारामतीचं काम करायला एकही बाई मिळेना, शेवटी साळुंके नावाच्या एका पुरुषाला लुगडं नेसवलं. आपण हे नेहमी त्या काळच्या मागासलेपणाचा किस्सा म्हणून सांगतो. मी पण सांगायचो.

आणि माझ्या शोकेसची गोष्ट लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. नव्वद-एक्याण्णव साल असेल. एका मुलीचा स्थळासाठी फोटो काढला होता, साडीतला, खिडकीच्या बाजूनं लाइट, इतका सुरेख आला की मी बारा बाय पंधराची प्रिंट काढून रस्त्याच्या शोकेसमध्ये लावली. विचारलं कोणाला? कोणाला नाही. आम्ही कोणीच विचारायचो नाही, फोटो आपण काढला तर फोटो आपला असंच वाटायचं. पंधरा दिवसांनी तिचे वडील आले, भांडले नाहीत, नुसते काचेसमोर उभे राहिले आणि म्हणाले, ही इथं कशाला? मी म्हटलं, छान आलाय म्हणून. त्यांनी प्रिंट मागितली, मी दिली, त्यांनी पैसे विचारले, मी नको म्हटलं, ते गुंडाळी घेऊन गेले. मी मनात म्हटलं काय जुन्या वळणाची माणसं आहेत. आणि संध्याकाळी त्याच जागी दुसऱ्या मुलीचा फोटो लावला. माझ्या रीलवर क्लिनिकवाला जे म्हणाला की लोकांना हुरूप येतो, ते आणि माझं छान आलाय म्हणून, यात मला आज काही फरक दिसत नाही.

डॉक्टर लोकांकडे परत येतो. ड्यूशेनच्याच त्या सालपेत्रिएरमध्ये पुढं शार्को नावाचे मोठे डॉक्टर आले, त्यांच्या वॉर्डात हिस्टेरिया म्हणून ठेवलेल्या बायका-पोरींचे फोटो काढून १८७६ पासून पुस्तकं छापली गेली. त्यात ऑगस्टीन नावाची एक मुलगी सारखी दिसते, १८७५ ला दाखल झाली तेव्हा जेमतेम चौदा-पंधराची. हात जोडलेले, डोळे वर, खाली लिहिलेलं परमानंद वगैरे. १८८० ला ती पुरुषाचे कपडे घालून हॉस्पिटलातून पळून गेली. मला वाटतं फोटोखालच्या सगळ्या ओळींपेक्षा हे जास्त कळणारं आहे. इंग्लंडात तर ह्यू डायमंड नावाच्या डॉक्टरनं त्याच्याही आधी, १८५० च्या आसपास, वेड्यांच्या इस्पितळातल्या बायकांचे फोटो काढून चेहऱ्यावरून वेड ओळखता येतं असं मांडलं होतं. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आता स्पष्ट आहे की उपचार घेणाऱ्या माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय मीडियाला देता येत नाही. इतकं साधं वाक्य कायद्यात यायला एवढी वर्षं लागली.

आणि अमेरिकेतला एक मानसशास्त्रज्ञ, लँडिस. १९२४ चं प्रकरण. विद्यार्थ्यांच्या तोंडावर जळक्या बुचानं काळ्या रेघा ओढल्या, म्हणजे स्नायू कुठं सरकतो ते फोटोत दिसावं, आणि मग त्यांना अमोनियाचा वास दे, बादलीत हात घालायला लावून आत बेडूक ठेव, असले प्रकार करत शेवटी जिवंत उंदीर आणि सुरी हातात दिली आणि मुंडकं काप म्हणून सांगितलं. बरेच जण रडकुंडीला येऊनही ऐकले. त्यात एक तेरा वर्षांचा मुलगा होता. एवढं करून निष्कर्ष काय तर अमुक भावनेला अमुक चेहरा असं काही सापडलं नाही. आमच्या आजीनं हे उंदराशिवाय सांगितलं असतं, ती म्हणायची, माणसाच्या तोंडावर जाऊ नको.

मग हे सगळं आत्ता का उकरतोय असं तुमच्या ऑफिसात कोणी म्हणेल. तर तुमच्याच त्या पानाच्या मागच्या पानावर कॅमेरा चेहरा बघून माणूस चिडलाय की आनंदात आहे ते सांगणार, दुकानात, शाळेत, इंटरव्ह्यूत वापरणार, अशी मोठी कौतुकाची बातमी होती म्हणून. त्या मशीनच्या मुळाशी हाच स्नायूंचा हिशोब आहे, भुवई वर म्हणजे अमुक नंबर, ओठाचा कोपरा वर म्हणजे तमुक नंबर, पॉल एकमन आणि फ्रिझन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ ला त्याचं कोष्टक बांधलं. स्नायू हलला हे मशीन बरोबर सांगेल, त्याबद्दल वाद नाही. माझाही हलला होता. मी आनंदात आहे असं त्या मशीननं लिहून घेतलं असतं. मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये चेहऱ्यावरून भावना सांगायची सोय मागं घ्यायचं ठरवलं, आणि युरोपियन युनियननं फेब्रुवारी २०२५ पासून ऑफिसात आणि शाळा-कॉलेजात असल्या सिस्टिमवर बंदी घातली, औषधोपचार आणि सुरक्षेचा अपवाद ठेवून. या दोन ओळी तुमच्या बातमीत हव्या होत्या.

सिंहस्थ तर आता तोंडावर आलाय. गर्दी मोजायला कॅमेरे लावा, जरूर लावा, २००३ ला आपल्याकडे चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली ते नाशिककर विसरलेला नाही. पण डोकी मोजणं वेगळं आणि तोंडं साठवून ठेवणं वेगळं. रामकुंडावर आई-बापाच्या अस्थी घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा कोणत्या मशीनमध्ये किती दिवस राहणार, हे कोणीतरी मराठीत, बोर्डावर, मोठ्या अक्षरात लिहावं एवढीच अपेक्षा आहे. नुसतं आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात असं नको.

आणि एक मागणी आपल्या गावापुरती. महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकला आहे, राज्यभरातले डॉक्टर, नर्सेस, फिजिओथेरपीची पोरं त्याच्याच परीक्षा देतात. उपचाराच्या संमतीचा कागद वेगळा आणि फोटो-व्हिडिओच्या संमतीचा कागद वेगळा, दुसरा मराठीत, त्यात हा फोटो कोण बघणार, किती दिवस ठेवणार, आणि नंतर नको वाटलं तर कोणाला फोन करायचा एवढं लिहिलेलं, आणि नाही म्हटलं तरी उपचार थांबणार नाही हे आधी तोंडी सांगायचं, असं पोरांना पहिल्याच वर्षी हाताला वळण लावून शिकवलं तर बरंच काम होईल. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या संशोधनाच्या नियमांत संमतीच्या कागदात फोटो छापण्याचा उल्लेख हवा असं आहेच, पण तो संशोधनासाठी, कोपऱ्यावरच्या क्लिनिकच्या रीलला कोण विचारतंय. भाची म्हणते, मामा, वेगळा कागद दिला तर निम्मे पेशंट नाहीच म्हणतील. म्हणू देत की. मग ज्यांनी हो म्हटलं त्यांचे तरी फोटो निर्धास्त दाखवता येतील.

तुमच्याकडून काय हवं ते सांगून आवरतो. येत्या रविवारी त्याच जागी दोन ओळींची दुरुस्ती छापा. आजोबांचं नाव छापता येणार नाही, ते कोणी लिहूनच ठेवलं नाही, पण ते हसलेले नाहीत, त्यांच्या गालाला वीज लावलीय आणि त्यांना ती जाणवत नाहीये, इतकं तर लिहिता येईल. फोटो परत छापायची गरज नाही.

स्टुडिओतल्या निगेटिव्हची खोकी माझ्याकडे माळ्यावर अजून आहेत, सात-आठ असतील. मुलगा म्हणतो स्कॅन करून टाकू, जुनं नाशिक म्हणून लोक आवडीनं बघतील, पेपरवाले पण छापतील. पाकिटांवर नावं आहेत, पत्तेही आहेत, बरेच वाडे आता पडले. गेल्या महिन्यापासून एकेक पाकीट काढून ओळखीपाळखीत विचारत फिरतोय, आतापर्यंत अकरा परत दिलीत. त्या शोकेसमधल्या मुलीचं पाकीट सापडलं, पत्ता मेन रोडच्या मागच्या बोळातला होता, तिथं आता चार मजली कॉम्प्लेक्स आहे आणि खाली कोणाला काही माहीत नाही. ते बाजूला काढून ठेवलंय.

तुमच्या पत्राच्या सदरात खाली लिहिलेलं असतं की पत्रासोबत पासपोर्ट साइज फोटो पाठवावा. मी पाठवलेला नाही.

आपला,
एक जुना फोटोग्राफर
पंचवटी, नाशिक